आता कशासाठी धावायचे?

आमच्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचे मैदान पहाटे पाचच्या सुमारास जागे होते. उजाडायला अद्याप अवकाश असतो, पण मैदानाच्या कडेने पावले वाजू लागलेली असतात. ही 'भरतीची मुले'. पोलीस शिपाई व्हायचे तर मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. शिवाय शंभर मीटरची धाव आणि गोळाफेक असते. या साऱ्यांचे मिळून ५० गुण, आणि सेकंदासेकंदावर गुणांचा हिशेब, म्हणून प्रत्येक टोळीत एकाच्या हाती घड्याळ असते. सहाच्या सुमारास दुसरी तुकडी येते. हे चाळिशी-पन्नाशी उलटलेले शिक्षक, कारकून, दुकानदार. डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा पुढे ठेवून त्यांना घराबाहेर काढलेले असते. तिसरी तुकडी संध्याकाळची. शाळेतून सुटलेली पोरे, एक जुनी बॅट, एक रबरी चेंडू आणि यष्ट्यांच्या जागी विटा. त्यांना कोणी बोलावलेले नसते. उलट अंधार पडू लागला की घराघरांतून त्यांना परत येण्याच्या हाका सुरू होतात.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला प्रेरणेचा प्रश्न नवा नाही. मनुष्य श्रम का करतो, बचत का करतो, जोखीम का पत्करतो, या प्रश्नांवरच आमच्या शास्त्राची इमारत उभी आहे. त्यामुळे गेली अठरा वर्षे या मैदानाच्या कडेने जाता-येता एक गोष्ट माझ्या नजरेत भरल्यावाचून राहिली नाही. पहिल्या तुकडीतील मुले भरती झाली की, किंवा भरतीचे वय उलटले की, मैदानावरून नाहीशी होतात. दुसऱ्या तुकडीतील बरीचशी मंडळी साखर थोडी खाली आली की, किंवा पावसाची झड लागली की, दिसेनाशी होतात. जिला कसलाच लाभ दिसत नाही ती तिसरी तुकडी मात्र रोज येते.

चार वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी बसस्थानकावर भेटला. कोरडवाहू दोन एकरांच्या घरातला हा मुलगा पाच वर्षे एकही पहाट न चुकविता धावत होता. सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आसपास धावणारा. पण लेखी परीक्षेत दर खेपेस थोड्या गुणांनी मागे पडत गेला आणि अखेर वयोमर्यादा ओलांडून बसला. आता एका गोदामात नोकरीला होता. अंगाने सुटलेला दिसला म्हणून मी सहज विचारले, "काय रे, धावणं सोडलंस वाटतं?" तो म्हणाला, "सर, आता कशासाठी धावायचं?" मी नेहमीच्या शिक्षकी थाटात उत्तर दिले, "प्रकृतीसाठी." तो नुसता हसला. त्या हसण्यात उर्मटपणा नव्हता. आपल्या प्रश्नाचे उत्तर सरांपाशी नाही, एवढेच त्याच्या ध्यानात आले होते.

तो प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ आवश्यक तितकी शारीरिक हालचाल करीत नाहीत. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा काही फार मोठी नाही: आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचे श्रम, म्हणजे दररोज वीस-बावीस मिनिटे भरभर चालणे. व्यायामाचे फायदे लोकांना ठाऊक नाहीत म्हणून हे घडते, असे म्हणवत नाही. शाळेच्या निबंधापासून दवाखान्याच्या भिंतीपर्यंत ते सर्वत्र लिहिलेले असतात. ज्ञान आहे, इच्छाही आहे. तरी पाऊल उचलत नाही. मग माणसाला मैदानावर नेते तरी काय, आणि तेथे टिकवून ठेवते ते काय? हे दोन प्रश्न एकच आहेत असे आपण धरून चालतो, आणि आपली चूक तेथेच होते असे मला वाटते.

आजचा खर्च, उद्याचा लाभ

व्यायामाचा जमाखर्च मांडला तर त्यातील अडचण लगेच दिसते. खर्च सारा आजचा असतो: झोपमोड, दम लागणे, अंग दुखणे. लाभ मात्र दहा-वीस वर्षांनी मिळायचा, आणि तोही निश्चित नव्हे. मनुष्यस्वभाव असा, की समोरचे लहान दुःख त्याला दूरच्या मोठ्या सुखापेक्षा मोठे दिसते. म्हणून 'सोमवारपासून' सुरू होणारा व्यायाम पुढच्या सोमवारवर ढकलला जातो. आणि प्रत्येक वेळी मनुष्य स्वतःला मनापासून खरे तेच सांगत असतो. फक्त 'उद्याचा मी' आजच्यापेक्षा फार निग्रही असणार आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते.

या गृहीताची किंमत दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजली आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर यांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या सात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. दरमहा ७० डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच तेथे गेले. म्हणजे एका भेटीस त्यांना १७ डॉलरांहून अधिक मोजावे लागले. त्याच व्यायामशाळांत दहा भेटींचा पास घेतला असता तर प्रत्येक भेट १० डॉलरांत पडली असती. शहाणीसुरती माणसे न जाण्यासाठी जास्त पैसे भरीत होती!

हे वाचून अमेरिकनांना हसण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. तीन वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात मीही गावातील एका जिममध्ये वर्षाचे आठ हजार रुपये एकरकमी भरले. पैसे भरले म्हणजे जावेच लागेल, हा माझा युक्तिवाद होता. वर्गात विद्यार्थ्यांना मी नेमके याच्या उलट शिकवितो, की बुडालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. वर्षअखेर हिशेब केला तेव्हा मी एकूण २३ दिवस गेलो होतो. एका दिवसाला सुमारे ३५० रुपये पडले. तेथील यंत्रे उत्तम होती. पण माझ्या येण्या-न येण्याने तेथे कोणाचेच काही अडत नव्हते. या शेवटच्या वाक्याकडे पुढे परत यायचे आहे.

बक्षिसाचे काम आणि बक्षिसाची मर्यादा

स्वतःच्या निग्रहावर विसंबता येत नाही, तर बाहेरून प्रलोभन द्यावे, हा ओघानेच येणारा उपाय. आपल्या राज्यात तो पुष्कळ योजला गेला आहे. दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्यास कोटीचे पारितोषिक जाहीर होते. या योजनांमागील हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की बक्षीस संपल्यावर काय उरते?

या प्रश्नाचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील अशी मुले निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती. काहींना आधी सांगितले, की चित्र काढलेस तर तुला प्रशस्तिपत्रक मिळेल, आणि तसे ते दिले. काहींना काहीच सांगितले नाही, पण नंतर अचानक पत्रक दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच रंग वर्गात पुन्हा मांडले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ त्या रंगांशी रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. तेव्हा दोष पत्रकाचा नव्हता, सौद्याचा होता. जे काम मूल खेळ म्हणून करीत होते ते मजुरी होऊन बसले. आणि मजुरी बंद झाल्यावर कोण राबणार?

इंग्लंडमधील रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाविषयी असाच विचार मांडला होता. रक्ताला दाम देऊ लागलात तर देण्याची वृत्ती आटते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर आमच्या शास्त्रात पुष्कळ वाद झाले. दाम वाढले की पुरवठा वाढतो, हा पहिल्या वर्षात शिकविलेला नियम माणसाच्या प्रत्येक व्यवहाराला सरसकट लागू पडत नाही, एवढे तरी त्या वादातून पुढे आले.

अर्थात पुराव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गॅरी चार्नेस आणि उरी ग्नीझी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना महिन्यात आठ वेळा व्यायामशाळेत जाण्याबद्दल रोख पैसे देण्यात आले. पैसे बंद झाल्यानंतरही त्यांचे जाणे पूर्वीपेक्षा जास्त राहिले. पण ही वाढ सारी आधी न जाणाऱ्यांमध्ये होती. जे पूर्वीपासून नियमित जात होते त्यांच्यात ती नव्हती. म्हणजे ज्याने कधी उंबरठाच ओलांडला नाही त्याला पहिला धक्का देण्यास पैसा उपयोगी पडतो. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून मोठा प्रयोग मांडला. अमेरिकेतील एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या योजना चालवून पाहिल्या. त्यांपैकी ४५ टक्के योजनांनी आठवड्यातील भेटी ९ ते २७ टक्क्यांनी वाढविल्या. मात्र चार आठवडे संपल्यावरही ज्यांचा परिणाम मोजण्याइतका टिकला अशा योजना अवघ्या ८ टक्के निघाल्या.

या साऱ्याचा माझ्या मते अर्थ असा: माणसाला मैदानावर आणणारी कारणे वेगळी, आणि तेथे टिकविणारी कारणे वेगळी. भीती, बक्षीस, गुण, नोकरी, सुंदर दिसण्याची हौस ही पहिल्या प्रकारची कारणे. ती फाटकापर्यंत आणून सोडतात. पुढचे काम दुसऱ्या कुणी तरी करावे लागते, आणि आपल्याकडे त्या दुसऱ्याची नेमणूकच झालेली नाही.

टिकविते ते काय?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गेल्या अर्धशतकात या दुसऱ्या प्रकारच्या कारणांचा मागोवा घेतला आहे. त्यांच्या मते कोणतीही कृती माणूस आपणहून करीत राहण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात. ही गोष्ट मी माझ्या इच्छेने करतो आहे, अशी भावना ही पहिली. ती मला जमते आहे, कालच्यापेक्षा आज थोडी अधिक जमते आहे, हा अनुभव दुसरा. आणि हे करताना मी कुणाचा तरी आहे, माझी कुणी तरी वाट पाहते आहे, हा दिलासा तिसरा. संध्याकाळच्या त्या विटांच्या यष्ट्यांकडे या दृष्टीने पाहावे. तेथे कोणी सक्ती केलेली नसते. काल पहिल्या चेंडूवर बाद झालेला आज चार चेंडू टिकलेला असतो. आणि अकरावा गडी आला नाही तर त्याच्या दारात जाऊन त्याला हाका मारल्या जातात. माझ्या जिममध्ये यांपैकी काय होते? पहिली गोष्ट थोडीफार होती, दुसरी मोजायला मी तेवढे दिवस गेलोच नाही, आणि तिसरी मुळीच नव्हती.

आपल्याकडे या तिन्ही गरजा भागविणाऱ्या संस्था नव्हत्या असे नाही. कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमी आठवाव्यात. तालीम ही केवळ लाल मातीचा हौदा असलेली इमारत नव्हती. ती त्या पेठेची बैठक होती. वस्ताद डोळ्यांदेखत एकेक डाव शिकवी, पोराची प्रगती सर्वांसमक्ष दिसे, आणि एखादा दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी चौकशी जाई. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. हाही बाहेरून दिलेला आधारच होता. पण त्याचा मोठा वाटा एखाद्या विजयाच्या मोबदल्यापेक्षा कुस्तीचे सारे वातावरण जगविण्याकडे गेला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा दादरचे समर्थ व्यायाम मंदिर या संस्था शतकभर टिकल्या त्याही पारितोषिकांच्या बळावर नव्हेत.

याच कोल्हापूरच्या मातीत खाशाबा जाधव घडले. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा लोकांनी वर्गणी जमविली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पुढे १९५५ साली खाशाबांना पोलीस खात्यात नोकरी मिळाली. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, २००० सालचा, जाहीर झाला. त्या काळी समोर मोठे बक्षीस दिसत नसताना हा मनुष्य मातीत का उतरत होता, याचे उत्तर आपल्या आजच्या योजनांच्या भाषेत देता येत नाही. आणि एका प्राचार्याने घर का गहाण टाकले, याचेही नाही. तेथे काही नाते होते.

तथापि या आठवणींत रमून जाणे बरे नव्हे. तालमीचा उंबरठा निम्म्या समाजाला, म्हणजे स्त्रियांना, जवळजवळ बंदच होता. आणि आजही मैदानाचे गणित त्यांच्या विरुद्ध जाते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात अपुरी हालचाल करणाऱ्यांचे प्रमाण भारतीय पुरुषांत ४२ टक्के तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. आणि अशा मोजणीत घरकामाचे आणि कामावरचे श्रमही धरलेले असतात, तेव्हा 'घरकाम हाच त्यांचा व्यायाम' हे आपले आवडते उत्तर येथे पुरत नाही. केंद्र शासनाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ बिनमोल घरकामात जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. ज्या बाईच्या हाती स्वतःचा म्हणावा असा वीस मिनिटांचा तुकडा नाही, तिच्यापाशी 'प्रेरणा नाही' असे म्हणणे म्हणजे पाण्याचा पत्ता नसलेल्या शेताला बियाणे वाईट म्हणण्यासारखे आहे.

म्हणूनच आमच्या मैदानावरील एका लहानशा गटाचे मला विशेष वाटते. दोन शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एक परिचारिका आणि आसपासच्या चार-पाच गृहिणी गेली सहा वर्षे पहाटे एकत्र चालतात. डॉक्टरांच्या धाकाने आलेले पुरुष गळून गेले, या टिकल्या. त्यांच्यातील एकीला मी एकदा कारण विचारले. त्या म्हणाल्या, "सर, खरं सांगू? चालण्यासाठी म्हणून कुणी येत नाही. दिवसभरात आपलं आपलं बोलायला मिळतं ते एवढंच. आणि एखादी नाही आली, तर सगळ्या मिळून तिच्या दारात उभ्या राहतो." आषाढात आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्याला कोणी 'तुम्ही व्यायाम करता' असे म्हटले तर तो हसेल. पण एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जाण्यासाठी गाडी काढणारी माणसेही दिंडीत ते अंतर चालून जातात. त्यांना चालविणारी पहिली गोष्ट श्रद्धा हे खरेच. पण पुढे-मागे आपल्या दिंडीचे लोक आहेत, हेही त्या पायांचे बळ असते.

हे केवळ आपल्याच मातीचे वैशिष्ट्य नाही. लंडनमधील बुशी पार्कमध्ये २००४ सालच्या ऑक्टोबरात १३ माणसे पाच किलोमीटर धावण्यासाठी एकत्र जमली. शुल्क नाही, बक्षीस नाही, धावलात काय किंवा चाललात काय. स्वयंसेवक फक्त प्रत्येकाची वेळ नोंदवितात, म्हणजे दर आठवड्याला स्वतःशीच तुलना करता येते. 'पार्करन' या नावाने आज हा उपक्रम वीसहून अधिक देशांत चालतो. धावण्याची जागा ठरलेली, वार ठरलेला, आणि शेवटी येणाऱ्यालाही कोणी तरी थांबून राहिलेले. यापलीकडे त्यात कसली युक्ती नाही.

पोटाचा प्रश्न

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्याच्या घरात उद्याची भ्रांत आहे त्याला खेळाच्या निर्भेळ आनंदाचे प्रवचन देणे ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? माझा तो विद्यार्थी आनंदासाठी धावत नव्हता. घराला एक पगार मिळावा म्हणून धावत होता. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकला, तो रेल्वेच्या नोकरीत होता. ती नोकरी नसती तर ते पदक मिळाले असते काय, हे विचारायला हवे. तेव्हा राखीव जागा, पारितोषिके, सवलतीचे गुण बंद करा, असे मी म्हणत नाही. उलट ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे खेळाला दिली त्याच्या भाकरीची सोय समाजाने केलीच पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण बक्षिसाशेजारी दुसरे काहीच ठेवलेले नाही. शंभर मुले धावायला येतात, त्यांतील पाच निवडली जातात आणि पंच्याण्णवांना आपण न बोलता सांगतो, की तुमचे काम संपले. आणि खेळ हे केवळ गुणांचे आणि नोकरीचे चलन झाले की खोटी नाणीही निघणारच. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आली आहेत, ती याच न्यायाने. जे मैदान न पाहता कागदावर मिळते ते कागदावरच मिळविण्याकडे माणसाचा कल होतो, यात नवल नाही.

मग करावे काय? फार मोठ्या योजनेची गरज मला दिसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असावे असे म्हटले आहे. जेथे ते आहे तेथे शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप पडते. ते संध्याकाळी दोन तास उघडे राहिले तरी पुष्कळ झाले. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला उसना देण्याची पद्धत बंद व्हावी, आणि त्या तासात शाळेच्या संघातल्या बारा जणांबरोबर उरलेल्या पन्नासांनाही खेळायला मिळावे. आंतरशालेय स्पर्धांत तिसऱ्या दर्जाच्या संघांनाही सामने असावेत. वाईट खेळणाऱ्यालाही खेळण्याचा हक्क आहे, किंबहुना प्रकृतीच्या दृष्टीने त्यालाच खेळाची गरज अधिक आहे. पहाटे मैदानावर चार दिवे असावेत, म्हणजे स्त्रियांना उजाडण्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि शासनाने, शाळांनी यशाचे मोजमाप बदलावे. पदके किती आली याबरोबर, स्पर्धा संपल्यावर तीन महिन्यांनी शंभरांपैकी किती मुले मैदानावर उरली, याचीही नोंद ठेवावी. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा निघत नाही, हा अनुभव आम्हा अर्थशास्त्राच्या लोकांना नवा नाही.

आमच्या मैदानाचा मात्र संकोच होत चालला आहे. एका बाजूला नवी इमारत आली; दुसऱ्या बाजूला आता वाहने उभी राहतात, त्यांत माझीही दुचाकी असते. भरतीची मुले उरलेल्या जागेत अधिक फेऱ्या मारून सोळाशे मीटर पुरे करतात. संध्याकाळच्या पोरांनी आपली खेळपट्टी आडवी केली आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गावी एका स्नेह्याकडे गेलो होतो. देवळामागच्या अंगणात चुन्याच्या रेषा आखून, दोन बांबूंना जाळे बांधून व्हॉलीबॉल चालू होता. खेळणाऱ्यांत माझा तो माजी विद्यार्थी होता. खेळ संपल्यावर घाम पुशीत जवळ आला. गोदामातून सुटल्यावर रोज येतो म्हणाला. मी त्याला म्हटले, "त्या दिवशी तू मला विचारलं होतंस, आता कशासाठी धावायचं म्हणून. मग हे कशासाठी?" तो जरा गोंधळला. असा प्रश्न असू शकतो हेच त्याला सुचले नव्हते. "काही नाही सर," तो म्हणाला, "पोरं हाका मारतात, मग यावंच लागतं." एवढ्यात जाळ्यापलीकडून कुणी तरी त्याला हाक मारली, आणि तो पुढच्या डावासाठी पळाला.